बाहेरचा पडदा

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार

जयवंतची आज्ञा आहे, रोज लिहायचं. जयवंत म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त जयवंतराव. सगळा जन्म टेलिफोन खात्यात काढला आणि निवृत्त झाल्यावर लिनक्सच्या नादी लागला. गेल्या महिन्यात माझ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसून पत्रिकांचे सगळे नमुने खलास झाले, तेव्हा हा स्कूटरवरून आला, खिशातून सीडी काढली आणि जुनं सगळं पुसून लिनक्स घालून गेला. जाताना म्हणाला, "विश्वास, बिघाड झाला की नुसतं 'चालत नाही' म्हणून फोन करायचा नाही. कधी काय केलं, काय झालं, सगळं लिहून ठेव. आमच्या एक्स्चेंजमध्ये प्रत्येक लाइनचं रजिस्टर असायचं."

घ्या. हे रजिस्टर.

बिघाड: बाहेरचा पडदा.

बडोद्यात समा भागातल्या आमच्या घरात गॅरेजची खोली करून मी लग्नपत्रिका जुळवतो. प्रुफं तपासते माझी बायको दुर्गा, हॉलमध्ये हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून. दसऱ्याच्या आधी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता बारीक छापील अक्षराने तिचे डोळे दुखतात. म्हणून मी जुना ढोल्या मॉनिटर हॉलमध्ये हिंचक्यासमोर ठेवला, भिंतीला भोक पाडून केबल ओढली. माझ्यापुढे नवा चपटा. बेत असा, की माझं काम माझ्या पडद्यावर राहावं आणि पत्रिका तयार झाली की माउसने उजवीकडे ढकलावी, ती थेट दुर्गासमोर. अक्षर हवं तेवढं मोठं करून वाच बाई.

प्रत्यक्षात माझ्यापुढे जे दिसतं तेच बाहेर दिसतं. आरसाच. उजवीकडे ढकलायला जागाच नाही. आणि थोड्या वेळाने जाऊन बघावं तर बाहेरचा पडदा ठार काळा.

एवढी यातायात कशाला, हाक मारून विचारता येत नाही का? नाही येत. दुर्गा माझ्याशी पावणेदोन वर्षं बोलत नाही. मीही बोलत नाही. ती प्रुफाच्या कागदावर लाल पेनने चुका काढते आणि खालच्या कोपऱ्यात घरचं लिहिते: 'गॅस संपला.' 'दातांच्या डॉक्टरांकडे जाणे.' कागद दाराजवळच्या खिळ्याला अडकवते. पडदा चालू झाला की कागद बंद होतील, मग गॅस संपल्याचं ती कुठे लिहिणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आजच्या कोपऱ्यात होतं: 'भक्ती ८ डिसेंबरला दुपारी करजणहून निघते आहे. कॅनडा. दोघंही. कायमचं.'

भक्ती आमची एकुलती एक मुलगी. इथून तासाभरावरच्या करजणला असते. असते म्हणजे स्वतः गेली, मी दिली नाही. बस. मी रजिस्टर लिहितोय.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

जयवंतला फोन. तो म्हणाला, "बाहेरच्या मॉनिटरचा दिवा बघ. हिरवा की केशरी?" जाऊन पाहिलं, दिवाच नाही. "मग पॉवर नाही रे बाबा, बटण दाब." दाबलं. पडदा उजळला, माझंच आरशासारखं चित्र. परत येऊन बसलो. तासाभराने उठून बघतो तर पुन्हा काळा, दिवा गायब.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरला विचारलं तर तो छातीठोकपणे सांगतो, दुसरा पडदा जोडलेला आहे, चालू आहे. डोळ्यांनी काळा दिसतोय आणि हा म्हणतो चालू! आणखी एक. मी खुर्चीवरून उठलो की बाहेरून 'टक्' असा आवाज येतो. जयवंत म्हणतो, प्लास्टिक गार होताना आवळतं. असेल.

दुपारी दोन ते चार लिहायला बरं. बडोद्यात या वेळी कुणी कुणाची बेल वाजवत नाही. दुर्गा हिंचक्यावर आडवी असते. बाहेरचा पडदा बंद, घर शांत, आणि माझ्याही डोळ्यांना झेपेल असं भलंमोठं अक्षर करून मी टाइप करतो आहे.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

उपाय: पडदे जोडायची आज्ञा लिहून पाहिली. नकार. "पडदा १२८० बाय १२८० पेक्षा मोठा होऊ शकत नाही, आपल्याला हवा २३०४ बाय १०२४." म्हणजे हा मला माझी पायरी दाखवतोय.

पूर्वी असं नव्हतं. छपाईचा शिशाचा खिळा मोडला तर मोडलेला दिसायचा. आमचे आजोबा सरकारी पागेत स्वार होते, पण बाबांनी घोड्याचा लगाम सोडून रावपुऱ्यात छापखाना घातला. आम्हा शिर्के मंडळींत केवढा गहजब झाला होता म्हणे! मी तिथेच वाढलो. शाईचा वास, ट्रेडल छपाईयंत्राचा खटॅक खटॅक ठेका, आणि लग्नसराईत दाराशी उभे वधूपिते. बडोद्यातल्या अर्ध्या मराठी घरांची लग्नं आमच्या खिळ्यांनी लागली, असं बाबा म्हणत. ९६ साली छापखाना बंद झाला. लोकांना आठवड्याची कळ निघेना, कॉम्प्युटरवाले संध्याकाळी पत्रिका हातात ठेवायला लागले. खिळे वजनावर गेले. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही.

दुर्गाही तिथलीच देणगी. ७३ साली ती शाळेत मराठी शिकवायची आणि शाळेचं वार्षिक छापायला आली होती. मी प्रूफ दिलं. तिने उभ्याउभ्या अकरा चुका काढल्या. मी म्हणालो, बाई, नऊ आहेत. तिने बोट ठेवून अकरा दाखवल्या. तेव्हाच ठरवलं, हिला आपल्या दारातून परत जाऊ द्यायचं नाही. त्या वर्षीच्या संक्रांतीला तिने माझ्या आईला साटोऱ्या आणून दिल्या होत्या. काय साटोऱ्या! दोन वर्षं झाली, घरात साटोरी झालेली नाही. बोलणं बंद तेव्हापासून साखरही बंद.

हे रजिस्टरमध्ये कशाला लिहितोय मी?

१७ नोव्हेंबर, शनिवार

ताटात साटोऱ्या!

चार. तुपाची वाटी शेजारी. ना सण, ना वार, ना पाहुणे. मी दुर्गाकडे पाहिलं, ती वरणाला फोडणी देत होती. तीन दुपारी खाल्ल्या, चौथी संध्याकाळच्या चहाला. चौतीस वर्षं एका छपराखाली काढली की माणसाच्या मनातलं समोरच्याला आपोआप कळत असावं. जयवंत यावर हसेल, म्हणून त्याला सांगणार नाही.

पडदा: जैसे थे. मॉनिटर बदलायची माझी इच्छा आहे, जयवंत म्हणतो मॉनिटरला हात लावशील तर खबरदार, दोष सेटिंगचा आहे.

२० नोव्हेंबर, मंगळवार

परवापासून तुळशीची लग्नं लागतील, मग पत्रिकांची झुंबड. जगतापांच्या मुलाची पत्रिका घेतली आहे.

एक तक्रार इथे लिहून मोकळा होतो. दुर्गा दुपारी हिंचक्यावर गुणगुणते. सूर कधीच बरोबर नव्हता, आता तर तो हिंचक्याच्या कड्यांबरोबर वर-खाली जातो. माणसाचं लक्ष कसं लागणार! बेसूर आहे हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, लग्नाआधीच.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

गुणगुणणं बंद. काल नाही, आज नाही. हिंचका सुद्धा हलत नाही. आणि काल भाजीत एवढं मीठ होतं की दोन तांबे पाणी प्यालो.

शांततेत काम भरभर होईल असं वाटलं होतं. कसलं काय. कान सारखे दाराकडे. तिची तब्येत बरी आहे ना? खिळ्याच्या कागदावर कोपरा कोरा. त्या बेसूर गाण्यावर मी चौतीस वर्षं पत्रिका जुळवल्या, हे मला आज कळतंय. ती गायली तर बरं होईल. वाटेल तसं गाऊ दे.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

गायली. मुद्दाम केल्यासारखी मोठ्याने. मी एका बैठकीत जगतापांची पत्रिका पुरी केली.

२६ नोव्हेंबर, सोमवार

इंटरनेटवर फ्रान्सचा एक माणूस सापडला, त्यालाही हेच दुखणं. चार पानं छापून घेतली. डिक्शनरी घेऊन वाचतोय.

आज ते लिहून टाकतो. बारा दिवस राहिलेत आणि मला दुसरं काही सुचत नाही.

फेब्रुवारी २००६. भक्ती समोर बसली आणि म्हणाली, करजणच्या चिंतनशी लग्न करणार आहे. कापसाच्या दलालांचा मुलगा, गुजराती. मुलगा वाईट नव्हता, मला माहीत होतं. जातीवरून मी बोललो ते तोंडाला आलं म्हणून. खरं दुखलं ते वेगळंच. आईला सहा महिने माहीत होतं. जयवंतला माहीत होतं! सगळ्या बडोद्याच्या लग्नाची बातमी पहिली माझ्या खोलीत येते आणि माझ्या मुलीची मला सगळ्यांत शेवटी? मग ती म्हणाली, "बाबा, दागिने नकोत, हॉल नको. पत्रिका तेवढी तुम्ही काढा."

मी म्हणालो, "या घरातून तुझी पत्रिका निघणार नाही."

ती रडली नाही. उठली, देवाला नमस्कार केला आणि गेली. कोर्टात सही करून लग्न लागलं, पत्रिकेशिवाय. दुर्गा एकटी गेली होती. परत आली ती गप्पच.

भक्ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिची पत्रिका मनात जुळवत होतो. किती अक्षरं पाहून ठेवली होती, काय काय कागद! लोकांच्या मुलींसाठी काढलेली प्रत्येक चांगली वेलबुट्टी मी तिच्यासाठी बाजूला ठेवायचो. आणि तोंडातून काय निघालं माझ्या.

आता नाही लिहवत.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं फिरलंय म्हणा. दुपारी भक्तीची पत्रिका जुळवायला घेतली. कुणाला द्यायची नाही, कुणाला दाखवायची नाही. नुसतं हाताला बरं वाटतं.

'आमची एकुलती एक कन्या चि. सौ. कां. भक्ती' एवढं लिहिलं आणि अर्धा तास उठून अंगणात फिरत होतो. बाहेर 'टक्'.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

नवलच! दुर्गा चुकली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

जगतापांचं प्रूफ खिळ्याला होतं. लाल पेनने ठळक लिहिलंय: 'मुलाच्या आईवडिलांची नावं राहिली आहेत. त्यांच्याशिवाय पत्रिका पुरी होत नाही.' जगतापांच्या पत्रिकेत दोघांची नावं केवढ्या तरी मोठ्या अक्षरात आहेत! चार वेळा पाहिलं. डोळे अजून पुरते बरे झाले नसावेत तिचे. डॉक्टरांना दाखवायला हवं.

पण योगायोग बघा. भक्तीची पत्रिका मी उघडली तर तिच्यातच ती नावं नाहीत. मी नुसतं 'चि. चिंतन' लिहून सोडून दिलं होतं, जसा काही तो आभाळातून पडला. हात अडखळला असणार. नावं मला माहीत नाहीत असं नाही. कोर्टाची नोटीस घरी आली होती, मी एकदाच वाचली, पाठ झाली. घातली. 'श्री. गोविंदभाई व सौ. शांताबेन यांचे चिरंजीव'. पत्रिका खरंच पुरी दिसायला लागली.

३ डिसेंबर, सोमवार

जयवंत स्वतः आला. एकदाचा छडा लावतो म्हणाला. आधी हॉलमध्ये गेला, बाहेरच्या पडद्याची मागची बाजू तपासायला. दुर्गाने त्याला चहा दिला. दोघांची बराच वेळ कुजबुज. मग ती हसली! किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. मला हेवा वाटला, लिहायला लाज कसली.

आत येऊन जयवंत माझ्या खुर्चीच्या हातावर बसला आणि म्हणाला, "विश्वास, मूक ने हवे. राहू दे तसाच."

"राहू दे? तीन आठवडे रजिस्टर लिहितोय मी!"

"छान लिहितोस," तो म्हणाला. मी दाखवलं कुठे त्याला?

"अरे, पण बिघाड?"

"चालतंय की यार. काही बिघाडांना हात लावू नये. रोज लिहीत जा मात्र."

चहा पिऊन स्कूटरला किक मारून गेला. टेलिफोन खात्यातला माणूस, लाइन बंद बघतो आणि दुरुस्त न करता निघून जातो! त्याच्या खात्याची कीर्ती मी चाळीस वर्षं ऐकून आहे, पण जयवंतकडून ही अपेक्षा नव्हती. ठीक आहे. आता मीच करतो. बघतोच.

५ डिसेंबर, बुधवार

झालं!

शाब्बास रे विश्वास! सेटिंगच्या फायलीत एक ओळ कमी होती. कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं, बाबा रे, तुझं एकूण अंगण एवढं मोठं धर, मग तो त्यात दोन पडदे मांडतो. फ्रेंच माणसाने शेवटच्या पानावर लिहिलं होतं. ओळ घातली, बंद करून चालू केला, आज्ञा दिली, आणि माउस सुळकन उजवीकडे भिंतीपलीकडे! पळत हॉलमध्ये गेलो. बाहेरच्या पडद्यावर स्वच्छ निळं, मधोमध माझा बाण. माझ्यासमोरचं काही म्हणजे काही तिकडे दिसत नाही. दुर्गा हिंचक्यावर बसली होती. मी बोट करून दाखवलं.  आनंद तर नाहीच, उलट तिचा चेहरा उतरला. काय माणूस आहे!

जयवंतला फोन केला. तो म्हणाला, "अरेरे." अरेरे?

असो. मनातलं लिहितो.

मला करजणला जायचंय. भक्तीला बघायचंय. हे पहिल्यांदा अक्षरांत लिहिलं. पत्रिका तयार आहे. ती तिच्या हातात ठेवून म्हणायचंय, चुकलो. पण एकट्याने पाय उचलत नाही. मी तिथे जाऊन उभा राहीन आणि ते विचारतील, का आलात, तर माझ्याकडे उत्तर नाही. दुर्गा एकदा 'चला' म्हणाली तर मी चपला घालून निघेन. एकच शब्द. मी तिला विचारू शकत नाही. पावणेदोन वर्षं अडलेलं तोंड आता उघडतच नाही. पण गेले काही दिवस तिला माझं मन आपोआप कळतंय, साटोऱ्यांपासून बघतोय मी. हेही कळेल. उद्या सकाळी खिळ्याच्या कागदावर 'चला' असेल, मला खात्री आहे.

६ डिसेंबर, गुरुवार

कागदावर काही नाही. कोपरा कोरा.

वरण करपलं होतं. सकाळपासून ती बाहेरच्या पडद्याचं बटण दाबते, बंद करते, पुन्हा दाबते. आवाज येतो ना, टक्, टक्. तिला नवीन आहे, शिकत असेल. जगतापांची पत्रिका मोठ्या अक्षरात तिकडे ढकलली, तिने वाचली की नाही कळलं नाही. लाल पेन जागेवरच होतं.

मला वाटलं होतं तिला कळतं. नाही कळत. माझाच मूर्खपणा. परवा भक्ती जाणार. पत्रिकेची एक प्रत छापून काढली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, आणि पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. पडू दे तिथेच. दुर्गाला मी नको असेन तिथे. तिचा काय दोष? चूक माझी होती, तिने एकटीने पोर बोळवली, आता मी मिरवायला येतो म्हटलं तर ती का म्हणेल चला?

७ डिसेंबर, शुक्रवार

घडलं तसं लिहितो, घाईत.

दुपारी टाइप करायला बसलो, एक ओळही सुचेना. दारात कुणी उभं आहे असं वाटलं. दुर्गा. तीन पायऱ्या उतरून ती या खोलीत पावणेदोन वर्षांत आली नव्हती.

"अहो," ती म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. खोलीत मीच होतो.

"परवापासून बाहेर नुसतं निळं दिसतंय."

"दिसणारच! दुरुस्त केलाय. मी केलाय."

"कुणी सांगितलं होतं करायला?"

मी कीबोर्ड बाजूला सारला.

"परवा तुम्ही तासभर टाइप करत होतात. काल पण. बटणांचा आवाज येतोय आणि समोर निळं." तिचा आवाज फुटला. "काय लिहिलंत हो? शेवटचा एक दिवस राहिलाय आणि मला काही दिसतच नाही."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. साटोऱ्या. मीठ. जगतापांच्या पत्रिकेतली नावं. आणि ते टक्, टक्, टक्.

"तू वाचत होतीस? सगळं?"

"पहिल्या दिवशी चुकून. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम. तुम्ही उठलात की बंद करायचे."

रागवायला हवं होतं. मी म्हणालोही, "दुसऱ्याची डायरी वाचतात का?"

"डायरी कुठे? रजिस्टर ना ते?" ती म्हणाली. "आणि मी बेसूर काय?"

मी खुर्ची सरकवून बाजूला झालो. ती बसली नाही. उभ्याउभ्याच वाचायला लागली, परवाचं, मग कालचं, पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ, प्रूफ वाचते तसं. मी शेजारी उभा. छापखान्यात पहिलं प्रूफ तिच्या हातात दिलं तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.  मग तिने डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि म्हणाली, "चला."

आता ती खंडेराव मार्केटला फळं घ्यायला गेली आहे. जाताना म्हणाली, अक्षता करून ठेवा, पत्रिका रिकाम्या हाताने देत नाहीत. ती मला काम सांगून गेली, तोंडाने. उद्या सकाळच्या एसटीने करजण.

९ डिसेंबर, रविवार

रजिस्टरसाठी: ती ओळ काढून टाकली. बाहेर पुन्हा इकडचंच दिसतं. दुर्गा तिकडे वाचते आहे, तेव्हा काही चुकलं तर ओरडून सांगेल.

काल नऊ वाजता करजणला उतरलो. घर बाजाराच्या मागे, दारात कापसाचा मोठा काटा, आणि त्याच काट्यावर विमानाच्या बॅगा वजनाला लावलेल्या. गोविंदभाई, म्हणजे चिंतनचे वडील, वाकून आकडा बघत होते. दुर्गाला पाहून उभे राहिले, मग मागे मी दिसलो. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. ते हात जोडून म्हणाले, "आवो आवो वेवाई, पधारो!" वेवाई, म्हणजे व्याही!

माझा पाय उंबऱ्यावर अडला. म्हणालो, "आधी हे घ्या. मग पुढचं बघू." दुर्गाने त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या, मी पाकीट दिलं. बडोद्यात हजार घरी आमच्या पत्रिका गेल्या असतील, पण स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी जन्मात पहिल्यांदाच कुणाच्या दारात उभा होतो. 

गोविंदभाईंनी चष्मा लावला आणि हळूहळू मोठ्याने वाचायला घेतलं. शांताबेन पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या दोघांची नावं आली तिथे ते थांबले, आणि ती ओळ त्यांनी दुसऱ्यांदा वाचली, बायकोकडे बघत. मग पत्रिका कपाळाला लावली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "क्यारे छे?" म्हणजे लग्न कधी आहे?

"थई गयां," मी म्हणालो. "लग्न होऊन गेलं. मला उशीर झाला."

कुणी हसलं नाही. शांताबेन आत वळून हाक मारणार तोच भक्ती दारात आली, हातात बॅगांची यादी. वाळलीय. केस कापलेत. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, सासऱ्यांच्या हातातली पत्रिका घेतली आणि वाचली. माझं सगळं लक्ष तिच्या डोळ्यांकडे, कुठल्या ओळीवर आहेत ते. पुरी वाचून तिने ती परत सासऱ्यांच्या हातात दिली.

"यांना दिलीत," ती म्हणाली. "मला नाही दिलीत पत्रिका, बाबा?"

चुकलो म्हणायचं होतं. एसटीत सबंध रस्ता पाठ केलं होतं. ते काही आलं नाही. तोंडातून निघालं ते हे: "घरच्या माणसाला कुणी पत्रिका देतं का गं?"

तिची हनुवटी थरथरली. लहानपणी पडल्यावर रडू आवरताना थरथरायची तशीच.

"मग घरची माणसं अशी दारात उभी राहतात का?" ती म्हणाली.

चपला काढल्या आणि आत गेलो.